फाटक लावणारा

इल्कली,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय नॉर्मन,

ईस्टरच्या आपल्या डोंगरभटकंतीला अजून दोन महिने आहेत, पण जेफ्रीने आत्ताच तीन वाटा आखून नकाशावर पेन्सिलीने रेघोट्या मारल्यात. हा माणूस गळ्यात नकाशा घेऊनच जन्माला आला असावा. मुक्काम नेहमीचाच, स्वेलडेलला मिसेस मेटकाफकडे. बूट वाळवायच्या खोलीतला बंब दुरुस्त केलाय असं ती म्हणते. म्हणजे या वर्षी सकाळी बूट नुसते कोमट आणि ओले मिळणार नाहीत. कोबी उकडायचं मात्र ती सोडणार नाही, त्याची तयारी ठेवा.

या खेपेला आपण अकराच जण आहोत. बूथ नवराबायको येत नाहीत, तिचं खुब्याचं दुखणं बळावलंय. होरेस मुलाकडे टॉर्कीला राहायला गेला, तिथे म्हणे समुद्राकाठी बाकावर बसतो. पहिल्या वर्षी आपण सव्वीस होतो, आठवतं? दोन ओळींत फोटो काढावा लागला होता. आता नावं लिहिताना मला धास्ती वाटते, म्हणून तो विषय सोडते.

शेवटचा माणूस म्हणून तुमचंच नाव लिहिलंय, विचारायचं काय त्यात? शिट्टी शोधून ठेवा. आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला गार्ड आपल्या रांगेच्या शेवटी आहे आणि तो आला, त्याने फाटक लावलं, म्हणजे सगळे आले, एवढं मला पुरतं. मान वळवून मोजत बसावं लागत नाही. खरं सांगते, नॉर्मन, तुमच्याशिवाय आमचं चालायचं नाही.

गुडघा कसा आहे? डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हटलं होतं, त्याचं काय झालं? आणि एकदाचा फोन घ्या हो घरात. शाळेत मुलांना सांगून सांगून दमले नाही, तेवढी तुम्हाला सांगून दमले.

तुमची,
विनिफ्रेड होल्डन


डॉनकास्टर,
२० फेब्रुवारी १९८४

प्रिय मिसेस होल्डन,

वीस वर्षांची ओळख झाली तरी मला तुम्हाला 'विनी' म्हणवत नाही, मुख्याध्यापिकाबाईंना कसं म्हणणार? राग मानू नका.

मी येतो आहे. शिट्टी सापडली, चहाच्या डब्यात होती. तिला नवी दोरी बांधली. गुडघा ठीक आहे, उतारावर कुरकुरतो. डोळ्यांचं बघू. फोन नको. माझी डॉली गेली तेव्हापासून मला सांगण्यासारखं कोणाकडे काही असतं असं नाही, आणि नुसता वाजत राहिला तर अंगावर येईल.

एक तक्रार आहे, ती मात्र मनावर घ्या. बेरिल सटक्लिफला समज द्या. बाई माझ्या मागे राहते. गेली दोन वर्षं हेच चाललंय. बुटाची नाडी बांधते, फुलं बघते, चष्मा पुसते, पण पुढे काही जात नाही. शेवटच्या डब्याच्या मागे आणखी डबा असला तर गार्डाने करायचं काय? मी थांबतो, तर ती थांबते. मग म्हणते, "तुम्ही व्हा पुढं, गार्डसाहेब, मला जरा गडग्यामागं जायचंय." आता एखाद्या बाईमाणसाला असा आडोसा हवा म्हटल्यावर मी तिथे खांबासारखा उभा राहू का? दगडी गडगे त्या भागात पावलोपावली आहेत, आणि ही दर गडग्यामागे जाते.

पुढच्या मंडळींना काय सुख आहे ते तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही चढावर पोचता, बसता, सफरचंद खाता. आम्ही धापा टाकत येतो तोवर जेफ्री उठलेला. "आले सगळे? चला!" ज्याला विसावा हवा त्याला तो कधीच मिळत नाही. म्हणून आता बेरिल आणि मी आमचा आम्ही थांबतो. माझा थर्मास असतो, तिचा फ्रूटकेक आणि चीज. थर्मासच्या झाकणात एकच कप मावतो, तो आळीपाळीने घ्यायचा. "त्यांना जाऊ दे पुढं," म्हणते ती, "डोंगर कुठं पळून जातोय?" हे जेफ्रीला सांगू नका.

तेव्हा समज द्या, पण फार कडक नको. तिचं लोकरीचं दुकान बंद झाल्यापासून ती जरा हळवी झाली आहे असं मला वाटतं. आणि एक विचारायचं होतं. तिला कसलं आवडतं हो? म्हणजे एखादी वस्तू द्यायची झाली तर. सहज विचारतो.

तुमचा,
नॉर्मन


इल्कली,
१ मार्च १९८४

प्रिय नॉर्मन,

बेरिलचं सोडा हो. तिला फुलांचं वेड आहे, आणि त्या वयात बायकांना गडगे लागतातच, मीही त्यातलीच. ती मागे राहिली तर राहू द्या, तुम्ही आपले चालत राहा.

तिला वस्तू कसली आवडेल ते मला सांगता येणार नाही. लोकरीचं काही देऊ नका म्हणजे झालं. सहज विचारता ना, म्हणून सहज सांगते.

बस रिचमंडला शनिवारी दुपारी. बसस्टॉपवर जेफ्री उभा असेल, नकाशासकट.

तुमची,
विनिफ्रेड


इल्कली,
६ मे १९८४

प्रिय नॉर्मन,

बेरिलच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तुम्ही अगदी शेवटच्या बाकावर होतात आणि शेवटचं स्तोत्र संपायच्या आत निघून गेलात. मी बाहेर आले तेव्हा तुमची पाठ वळणावर दिसली. हाक मारली, पण तुम्हाला ऐकू आली नसावी. नंतर हॉलमध्ये चहा होता, हॅम सँडविचेस होती. बेरिलच्या बहिणीने तुम्हाला विचारलं. 'शिट्टीवाले गृहस्थ' म्हणाली ती. बेरिल घरी तुमचं नाव काढायची, असंही म्हणाली.

डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलंय. कधीतरी व्हायचंच होतं, घरी स्वयंपाकघरात झालं असतं, बसमध्ये झालं असतं. कोणाच्या हातात काही नव्हतं. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तुम्ही त्या दिवसापासून कोणाशी बोलला नाहीत. पोलिसांना दोन वाक्यं सांगितलीत आणि मिसेस मेटकाफच्या बैठकीत टोपी हातात घेऊन बसून राहिलात. जेफ्री तुमच्याजवळ आला तर उठून गेलात. त्यालाही फार लागलंय, नॉर्मन. त्याने या वर्षीचे नकाशे अजून पिशवीतून काढलेले नाहीत.

काय झालं ते मला तरी लिहा. मी कोणाला दाखवणार नाही. मनात ठेवलंत तर ते तुम्हाला खाईल.

तुमची,
विनिफ्रेड


डॉनकास्टर,
१४ मे १९८४

प्रिय मिसेस होल्डन,

विचारलंत म्हणून लिहितो.

गुरुवारी वरच्या माळावर गारठा किती होता ते तुम्ही पाहिलंतच. पाऊस आणि बर्फ एकत्र, आणि तो आडवा. तुम्ही सगळे टोप्या ओढून, माना खाली घालून पुढे निघून गेलात. मला तुमच्या कोटांचे रंग दिसत होते, माणसं दिसत नव्हती. बेरिल माझ्या मागे होती. सकाळपासून फार बोलत नव्हती. चहा घेऊ म्हटलं तर, "पुढच्या फाटकापाशी घेऊ," म्हणाली.

मग थांबली आणि म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मला गडग्यामागं जाऊन यायचंय, मागं बघू नका. नेहमीसारखंच. मी फाटकापर्यंत गेलो. फाटक उघडं धरलं आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

किती वेळ उभा होतो ते मला सांगता येत नाही. पोलिसांनीही विचारलं. लांबून जेफ्रीची शिट्टी आली, मी आपल्या शिट्टीने उत्तर दिलं, म्हणजे सगळं ठीक. सगळं ठीक, असं मी कळवलं तुम्हाला. बोटं बधिर झाली. थर्मास काढून चहा ओतला, तो झाकणात गार झाला. मी हाक मारली, "बेरिल, झालं का?" वारा होता. मला वाटलं ती ओशाळली असेल, ओरडून उत्तर द्यायला. पुन्हा हाक मारली. मागे वळलो नाही.

शेवटी मी उलटा चालत गेलो. हसू नका. तोंड फाटकाकडे ठेवून, मालगाडी मागे घेतात तसा, एकेक पाऊल मागे टाकत, "येतोय हं, बेरिल, बघत नाही, येतोय," असं म्हणत. गडग्याला पाठ लागली तेव्हा वळलो. ती बसलेली होती, दगडाला टेकून. कपडे नीट होते. ती त्यासाठी गेलीच नव्हती. नुसती बसायला गेली होती, कोणाला दिसू नये म्हणून. तोंडावर बर्फ होता, आणि तो वितळत नव्हता.

चाळीस वर्षांत माझ्या गाडीचा एकही डबा मागे सुटला नाही. मला एकच काम दिलं होतं तुम्ही, की माझ्या मागे कोणी राहू नये. आणि मी पाठ करून उभा होतो. मी एकदा वळलो असतो तर. तिने रागावून दोन शब्द सुनावले असते, एवढंच ना?

पुढच्या वर्षी माझं नाव लिहू नका. कोणालाच आता माझ्या भरवशावर चालू देऊ नका.

नॉर्मन


इल्कली,
२१ मे १९८४

प्रिय नॉर्मन,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काही करू शकले नाही. आज लिहायला बसले आहे ते सगळं खरं लिहायचं ठरवून. तुम्हाला वाईट वाटेल, पण जे ओझं तुम्ही उचललंय ते तुमचं नाहीच, आणि ते मी तुमच्या खांद्यावर राहू देणार नाही.

डॉली गेल्यानंतरच्या वर्षी तुमचा गुडघा दुखायला लागला, तुम्ही मागे पडायला लागलात आणि मनाला लावून घेऊ लागलात. लांबच्या वाटेवरून आखूड वाटेवर चला असं तुम्हाला सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. तेव्हा मी म्हटलं, नॉर्मन मागेच असतात ना, मग त्यांनाच शेवटचा माणूस करू. शिट्टी देऊ. तुमची मान ताठ झाली आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

मग एक्याऐंशीत तुम्ही धुक्यात वाट चुकून भलत्याच दरीत उतरलात आणि दूधवाल्याच्या ट्रकमधून परत आलात. तुम्ही हसण्यावारी नेलंत. आम्ही कोणी हसलो नव्हतो. तुम्हाला वाटेचा फाटा दिसला नव्हता, नॉर्मन. तुमचे डोळे. तेव्हा आम्ही ठरवलं की तुमच्या मागे कोणीतरी असलं पाहिजे, पण तुम्हाला ते कळता कामा नये. ते काम मी बेरिलला दिलं. गडग्याची युक्तीही माझीच. ते थांबले तर असं सांग, म्हटलं, नॉर्मन सभ्य माणूस आहे, लगेच पुढे जाईल.

तेव्हा ती हौसेनं मागे रेंगाळत नव्हती. दर वर्षी मीच तिला तिथे उभी करत होते. तिला आवडत नसे, कुरकुर करायची, पण माझ्या शब्दाखातर राहायची. या वर्षी तिची तब्येत बरी नव्हती हे मला दिसायला हवं होतं. मी तिला पुढे घ्यायला हवं होतं. तुम्ही तिला मागे टाकलं नाहीत, नॉर्मन. त्या दिवशी शेवटचा माणूस तुम्ही नव्हतातच, ती होती, आणि तिला तिथे ठेवलं होतं मी. दोष द्यायचाच तर मला द्या. तुम्हाला सांगितलं तेवढं तुम्ही केलंत, एका बाईची लाज राखलीत. याहून जास्त कोणी काय करतं?

आता तरी नीट जेवा.

तुमची,
विनिफ्रेड


डॉनकास्टर,
२१ मे १९८४

प्रिय मिसेस होल्डन,

मागच्या पत्रात मी तुम्हाला फार काळं लिहिलं. त्यानंतर मनाला बोचत राहिलं, की तुम्ही एकट्या बसून ते वाचलं असणार. आणि मी सगळं सांगितलंही नव्हतं. आज सांगतो.

मी शेवटच्या दिवशी संध्याकाळी बेरिलला विचारणार होतो. हसलात तरी चालेल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. तुम्ही वस्तू सांगितली नाहीत, तेव्हा मी आपल्या अकलेने थर्मासचं दुसरं झाकण मिळवलं. बाजारात जुन्या थर्मासांचा ढीग असतो, त्यातून बरोबर बसणारं शोधलं. म्हटलं, दोघांना आता एकेक कप. ते देऊन विचारायचं असं ठरवलं होतं. ते खिशातच राहिलं.

त्या दिवशी ती काय बोलली तेही मी पोलिसांना सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. ते मला माझ्यापाशी ठेवायचं होतं. "मागं वळून बघाल तर खबरदार," म्हणाली. मी म्हटलं, "मी कधी बघितलंय?" तर म्हणाली, "तेच तर. जरा बघत जावं माणसानं." आणि हसली. तोंड पांढरं पडलं होतं, पण हसली. तेच शेवटचं.

मी मूर्ख नाही. मला शेवटचा माणूस का केला ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. लंगड्या घोड्याला घंटा बांधतात, तसं. तुम्ही दयेनं केलंत, मी मुकाट्याने घेतलं, कारण नाही म्हटलं असतं तर तो एक आठवडाही गेला असता, आणि उरलेल्या वर्षात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. सगळे आपापल्या सोबत्याबरोबर पुढे गेले की मागे राहून मी फाटकं लावायचो. त्याचीही सवय झाली होती.

आणि मग बेरिल थांबायला लागली. तिचे पाय माझ्यापेक्षा चांगले होते. मनात आणलं असतं तर जेफ्रीच्या बरोबरीने गेली असती. तिला माझ्याबरोबर राहण्याचं काही कारण नव्हतं, तरी ती राहायची. कोणी सांगितलेलं नाही, कोणाला दिसणार नाही, आपणहून. तुमच्यापाशी तक्रार केली ना मी, ती तक्रार नव्हतीच. मला फक्त कोणाला तरी सांगायचं होतं, की बघा, माझ्यासाठी कोणीतरी थांबतं.

मी तिला मागे टाकलं ते जाणार नाही. पण रात्री डोळा लागत नाही तेव्हा हे धरून पडतो. एवढं आहे म्हणून सकाळी उठतो, चहा टाकतो. तुम्ही माझी काळजी करता म्हणून सांगितलं.

तुमचा,
नॉर्मन


डॉनकास्टर,
२४ मे १९८४

प्रिय नॉर्मन,

हे पत्र तुमच्या शेजारणीच्या, मिसेस ड्रॅबलच्या, स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तुमचं दार मी दोनदा वाजवलं. पडदा हलला. तुम्ही आत आहात हे मला माहीत आहे, आणि माझं सोमवारचं पत्र तुम्हाला मिळालंय हेही आता दिसतंय. तुमचं मला मंगळवारी मिळालं. दोन्ही पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली. एक दिवस, नॉर्मन! मी एक दिवस थांबले असते तर!

मी खोटं लिहिलं. सगळं नाही. पहिल्या वर्षी, ब्याऐंशीत, मी बेरिलला सांगितलं होतं हे खरं. पण एकदाच. त्र्याऐंशीत मी ते काम जेफ्रीच्या मार्जरीला दिलं होतं. न्याहारीच्या टेबलावर बेरिलने ऐकलं आणि टोस्ट खाली ठेवला. "मार्जरी, तू पुढं राहून तुझ्या नवऱ्याचा नकाशा सांभाळ," म्हणाली, "मागं मी आहे." मी म्हटलं, अगं, पुन्हा तूच का? तर म्हणाली, "तिथं चहा चांगला मिळतो." कानापर्यंत लाल झाली होती. या वर्षी तर मी विचारलंसुद्धा नाही, तिने बसमधूनच मला सांगून ठेवलं की मागची जागा कोणाला द्यायची नाही.

कुरकुर करायची, माझ्या शब्दाखातर राहायची, हे मी माझ्या पदरचं घातलं. तुमच्यावरचा सगळा दोष उचलून माझ्यावर घ्यावा म्हणून घातलं. ती सक्तीने उभी होती असं म्हटलं की सगळं माझ्या अंगावर येतं आणि तुम्ही सुटता, एवढाच हिशेब केला. तुम्ही दुसरीकडे काय धरून बसला आहात हे मला कुठे माहीत होतं? तुम्ही 'सहज' विचारलंत तेव्हा मी ओळखायला हवं होतं, म्हणजे ओळखलं होतं, पण आपण अशा गोष्टी कुठे बोलतो? आणि 'बघत जावं माणसानं' हे तर मी तिला सांगितलेलं नव्हतं ना! ते कोण कोणाला शिकवतं?

तिची बहीण तुम्हाला सांगेल. मी तिचा पत्ता देते. मार्जरीला विचारा. दार उघडा, नॉर्मन. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे. मिसेस ड्रॅबलने चहा ठेवलाय.

तुमची,
विनी


डॉनकास्टर,
२ जून १९८४

प्रिय मिसेस होल्डन,

दोन्ही पत्रं पोचली. इतक्या लांब आलात आणि मी दार उघडलं नाही, हे चुकलं. त्याबद्दल माफी मागतो. तुम्ही गाडीसाठी निघालात तेव्हा मी वरच्या खिडकीत होतो. पाऊस होता आणि तुमच्याकडे छत्री नव्हती. मिसेस ड्रॅबलने द्यायला हवी होती.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही सगळी फार चांगली माणसं आहात. जन्मभर मला तुमच्यापेक्षा चांगली माणसं भेटली नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

टेबलावर तुमची दोन पत्रं ठेवली आहेत. एकात बेरिल कुरकुर करत मागे उभी आहे, दुसऱ्यात टोस्ट खाली ठेवून लाल झाली आहे. दोन्हीकडे तेच सुबक अक्षर. शेजारी फेब्रुवारीचंही ठेवलंय. त्यात लिहिलंय, नॉर्मन, खरं सांगते, तुमच्याशिवाय आमचं चालायचं नाही. तेही त्याच अक्षरात आहे.

दुसरं पत्र खरं असावं असं मला इतकं वाटतं की त्यामुळेच मला ते धरवत नाही. मला जे ऐकायचं असतं ते तुम्हाला नेहमी अगोदर कळतं. मार्जरीला विचारलं तर तीही तेच सांगेल, तुम्ही तिला सांगून ठेवलं असेल किंवा नसेल. बहिणीला विचारलं तरी ती मला दुःखात बघून गोड बोलेल. म्हातारा माणूस दारात टोपी घेऊन उभा राहिला तर आपल्याकडे कोण काय वेगळं सांगणार? ज्या एका बाईने मला खरं सांगितलं असतं, तिच्याकडे मी पाठ करून उभा होतो.

रात्री मी ती वाक्यं पुन्हा पुन्हा लावून बघतो. 'डोंगर कुठं पळून जातोय?' 'पुढच्या फाटकापाशी घेऊ.' 'बघत जावं माणसानं.' पूर्वी त्यांत तिचा आवाज यायचा. आता प्रत्येक वेळी मध्येच तुमचा येतो. गडगा तुम्ही शिकवलात. मग नाडी? फुलं? चष्मा पुसणं? ते हसणं? नका सांगू. तुम्ही काहीही सांगितलंत तरी माझा विश्वास बसणार नाही, आणि तुम्ही पुन्हा पावसात भिजत याल.

शिट्टी सोबत पाठवली आहे. जोरात फुंकावी लागते. फाटकं ज्याला लावायला सांगाल त्याला खरोखरचं काम म्हणून सांगा, त्याच्या मागे कोणाला ठेवू नका.

मी ठीक आहे. जेवतो. चहा एकाच झाकणात घेतो, दुसरं ड्रॉवरमध्ये आहे.

तुम्ही माझं ओझं उतरवायला निघालात, ते मला कळतं. पण मला ते ओझं नेता आलं असतं, मिसेस होल्डन. फाटकापाशी मी गारठून उभा होतो ना, त्या सगळ्या वेळात मला भीती वाटली नाही. मागे माझं माणूस आहे, एवढं मला माहीत होतं. तेवढं तुम्ही राहू द्यायचं होतं.

नॉर्मन टॅटरसॉल